देवघरातलं पांढरं लुगडं

१

कोनाडा रिकामा होता.

विजयराघवानं स्टुलावर उभं राहून पुन्हा एकदा आत हात घातला, पार कोपरापर्यंत. बाहेर काढला तेव्हा बोटांना नुसती काजळी लागलेली. खाली उंबऱ्याशी कल्याणराम सोनार तराजू मांडून बसला होता. त्याच्या शेजारी घरचे कर्ते पांडुरंगराव उपरणं सावरत वर बघत होते.

"काका, पेटी नाहीं," विजयराघव म्हणाला.

"नाहीं म्हणजे काय? नीट बघ."

"कोनाडा केवढा, पेटी केवढी! नीट काय बघायचें त्यांत?"

कुंभकोणमला सारंगपाणीच्या देवळामागं या घराण्याचा छोटासा भजनमठ आहे, राहतं घर आणि देवघर त्यातच. पूर्वज मराठी राजांच्या काळात तंजावरकडे आले ते इथलेच झाले. बाहेर तमिळ आणि घरात मराठी, तीही अशी जुनी की पुण्याचा पाहुणा ऐकून गालात हसतो. हसू दे बापडा. मठातल्या विठोबाला यंदा चांदीचं कवच करायचं ठरलं होतं. त्यासाठी देवाची जुनी चांदी, म्हणजे मोडकी छत्रं, पट्टे, पैंजण, लोकांनी वाहिलेलं काय काय, सगळं एका पितळी पेटीत घालून लामणदिव्यावरच्या कोनाड्यात ठेवलं होतं. वितळवायला द्यायच्या दिवशीच पेटी गायब!

"थांबा," विजयराघव स्टुलावरून उतरला. "कॅमेरा कशाला लावलाय मी?"

चांदी गोळा व्हायला लागल्यावर त्यानंच देवघराच्या कोपऱ्यात तो बसवला होता. सगळे त्याच्या फोनवर वाकले. पांडुरंगराव, त्यांची बायको त्रिपुरसुंदरी, विजयराघवाची बायको सौंदर्या, कल्याणराम, आणि सगळ्यांच्या मागं पांडुरंगरावांची थोरली बहीण मीनाक्षीबाई. देवघराला खिडकी नाही. आदल्या दिवशीची दुपार असूनही चित्र काळंपांढरं आणि धुरकट होतं. दार उघडलं, एक बाई आत आली. डोक्यावरून पदर, कॅमेऱ्याकडे पाठ. स्टुलावर चढून तिनं पेटी ओढून काढली, डाव्या खांद्याशी धरली आणि निघून गेली. चेहरा दिसला नाही, वळताना पदराखालचं मोकळं कपाळ तेवढं ओझरतं दिसलं. पण लुगडं दिसलं. काठ नाही, फूल नाही, नुसतं पांढरं.

त्या घरात पांढरं लुगडं एकच बाई नेसायची. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच नवरा गेला तेव्हापासून, म्हणजे उभा जन्म, मीनाक्षीबाई पांढऱ्याखेरीज दुसरं नेसल्या नव्हत्या. आणि तो सगळा जन्म त्यांनी या विठोबाला न्हाऊमाखू घालण्यात घालवला होता.

सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या.

"पुन्हा दाखव," मीनाक्षीबाई म्हणाल्या. विजयराघवानं दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत डोळे बारीक करून पाहिलं. मग कमरेची मठाची किल्ली सोडून उंबऱ्यावर ठेवली.

"अक्का," पांडुरंगराव म्हणाले, "तूं... कांहीं तरी बोल."

"तुम्हां सर्वांना तसें वाटतें ना? मग तसें."

दुपारी त्या गोविंदपुरम्‌च्या बसमध्ये बसल्या. त्यांनी 'नाही' म्हटलं नव्हतं, आणि हीच गोष्ट घराला सगळ्यात जास्त बोचत होती.

२

"आत्या गेली. तूं ये." आईचा फोन एवढाच होता.

पांडुरंगरावांची लेक शिवरंजनी तेव्हा कोडियक्करैच्या जंगलात चिखलात गुडघ्यापर्यंत उभी होती. कोल्ही आणि रानमांजरं मोजायला झाडांना कॅमेरे बांधायचे, हे तिचं काम. घरच्यांना कधी धड सांगता आलं नाही. 'आमची रंजी फोटो काढते,' असं पांडुरंगराव लोकांना सांगत. लेक तशी शांत, पण आत्यावर कुणी काही बोललं तर वाघीण! भाजणीच्या डब्यापासून व्याकरणाच्या पुस्तकापर्यंत सगळं तिला आत्यानं दिलेलं. ती मिळेल त्या बसनं आली आणि चप्पल काढता काढताच विजयराघवाला म्हणाली, "दाखव."

तिनं ते चित्र पाहिलं. खरं सांगायचं तर तिच्याही मनात पहिलं नाव आलं ते आत्याचंच. तिला स्वतःचीच लाज वाटली, पण आलं खरं.

"आता बोल," विजयराघव म्हणाला. "मला काय हौस आहे? पण यंत्र खोटें बोलतें का?"

"विजूअण्णा, तुला आत्या पहिल्यापासून खुपते."

"खुपत नाहीं. पण गुडघे धरून अभिषेक करते, कळशी हातांतून निसटते. पुजारी ठेवूं म्हटलें तर माझ्यावर डोळे वटारते. त्याचा अर्थ मी तिजला चोर ठरवली असा नव्हे!" तो खरंच दुखावलेला दिसला. "त्या दुपारी मी बँकेत होतों. विचार कुणालाही."

रंजनीनं चित्र पुन्हा लावलं, हळूहळू सरकवलं. बाई जायला वळते त्या क्षणी तिनं बोट टेकलं. डाव्या खांद्यावर, पदराच्या चुणीत, काळा डाग होता. चांगला तळहाताएवढा. आत येताना तो नव्हता.

"हा कसला?"

"काजळी. कोनाडा सगळा काजळीनें माखलेला आहे, पेटीला लागली असेल. पेटी खांद्याशी धरली, लागली लुगड्याला."

रंजनी उठून मागच्या अंगणातल्या आत्याच्या खोलीत गेली. आत्या अंगावरच्या लुगड्यानिशी गेली होती, बाकीची तिथं दोरीवर तशीच होती. तिनं एकेक उलगडून पाहिलं. नीळ दिलेली, विरलेली, जागोजागी पांढऱ्या दोऱ्यानं रफू केलेली. डाग कुठंच नाही. तेलकट काजळी पांढऱ्या सुताला लागली तर ती सात जन्म निघत नाही, हे काय तिला कुणी सांगायला हवं?

"गेली त्या दिवशीं नेसलेल्या लुगड्याला डाग होता?" तिनं सौंदर्याला विचारलं.

"नव्हता गं. पाठमोरी गेली, मी बघत होतें. स्वच्छ होतें." सौंदर्यानं डोळे पुसले. "हे म्हणतात, डागाचें तिनें जाळलें असेल."

"आणि तूं काय म्हणतेस?"

"मी काय म्हणूं? मला तिनें जेवण करायला शिकवलें."

स्वयंपाकघरात आई भाजी चिरत होती. विळीवर बसलेली, मान खाली. रंजनीनं विचारलं, "आई, तूं कुठं होतीस त्या दुपारी?"

"घरांतच. मी कुठें जातें?"

तिनं वर पाहिलंच नाही. बोट कापलं तरी भाजी चिरतच राहिली.

३

कल्याणरामचं दुकान कुंभेश्वराच्या बाजूला. दिवे, समया, घंटा यांच्या गर्दीत तो फुंकणी बाजूला ठेवून बोलायला बसला. तमिळमध्ये बोलणं चाललं होतं. पोलीस येणार का, त्याचं नाव येणार का, ही त्याची एकच काळजी.

"तुमचं नाव कशाला येईल? ती बाई आहे."

"बाईच, अम्मा, बाईच." त्यानं मान हलवली. "मला तर आधीच शंका आली होती. चार दिवस आधी फोन आला होता. बाईचा आवाज. नाव सांगितलं नाही. म्हणाली, मठाच्या चांदीतली एखादी वस्तू न वितळवता बाजूला ठेवता येईल का?"

रंजनी ताठ बसली. "तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, पांडुरंगरावांना विचारा, मी कोण? मग म्हणाली, वितळल्यावर कुठली चांदी कुणाची ते ओळखू येतं का? मी हसलो. म्हटलं, मुशीत गेलं की कुणाचं काही उरत नाही, अम्मा. तिकडून फोन ठेवला." तो ओशाळला. "हसायला नको होतं. बाई रडत होती की काय कोण जाणे."

"आवाज म्हातारा होता?"

"रडणारा आवाज म्हातारा की तरणा, कसं सांगू?"

तिथून रंजनी गोविंदपुरम्‌ला गेली. आडी महिन्याचं, म्हणजे आषाढातलं, ऊन, कावेरीला पाणी सुटलेलं, रस्त्याच्या दोन्ही अंगांना भाताची लावणी चाललेली. तिचं लक्ष कशातच नव्हतं. बोधेंद्रस्वामींच्या अधिष्ठानाच्या, म्हणजे समाधीच्या, ओसरीत आत्या खांबाला टेकून बसली होती. समोर कुणी मंडळी नामजप करत होती, आत्याचे ओठ हलत नव्हते.

"उन्हांत चालत आलीस? डोक्यावर कांहीं घ्यायचें नाहीं?"

"आत्या, तू घेतली नाहीस पेटी. मला माहीत आहे. मग नाही म्हणायला काय झालं?"

"मीच घेतली म्हण. सोडून दे."

"अशी कशी सोडू? उद्या गोकुळाष्टमी आली की विठोबाला हात कोण लावणार? विजूअण्णा पुजारी शोधतोय!"

ते ऐकून मात्र आत्यानं पदराचं टोक मुठीत चुरलं. हा एकच घाव तिला लागला होता. चोर म्हटलं ते तिनं गिळलं होतं, पण तिच्या देवाला दुसरं कुणी अंघोळ घालणार हे गिळवेना.

"तुझी आई जेवते ना गं?" तिनं विचारलं.

"आई? हो... म्हणजे बसते ताटावर. आईचं काय मध्येच?"

"कांहीं नाहीं. तिजला ताक दे. रात्रीं नको, दुपारीं." मग ती रंजनीचा हात धरून हळूच म्हणाली, "ऐक. घरांत चोरी झालीच नाहीं, रंजी. जी वस्तू जिची, तिनें नेली. त्याला चोरी म्हणत नाहींत. आतां पुढें एक शब्द विचारूं नको."

४

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकली, घर लवंडलं. रंजनी एकटीच देवघरात जाऊन दार ओढून बसली. समोर विठोबा, बाजूला लामणदिवा, कोपऱ्यात कॅमेऱ्याचे मंद लाल ठिपके. विजयराघवाचा फोन तिनं मागून आणला होता. कॅमेरा या क्षणी काय बघतोय ते त्यावर दिसत होतं.

तिनं सहज फोनकडे पाहिलं.

फोनमध्ये देवासमोर एक विधवा बसली होती.

पांढरा झगा, मोकळं कपाळ. रंजनीनं स्वतःकडे पाहिलं. अंगात लालभडक कुडता, त्यावर काळी नक्षी. कपाळाला आईनं सकाळी लावलेलं कुंकू, बोटाला लागत होतं. फोनमध्ये लाल नाही, नक्षी नाही, कुंकू नाही.

"अगं बये!" ती मोठ्यानं म्हणाली. "आणि मी म्हणे कॅमेऱ्यातली मोठी शहाणी!"

जंगलातल्या तिच्या कॅमेऱ्यांची हीच तर जात. अंधार झाला की ते आपण होऊन एक उजेड सोडतात, तांबड्याच्याही पलीकडचा, माणसाच्या डोळ्याला न दिसणारा, आणि त्याच उजेडात बघतात. त्या उजेडाला कपड्याचा रंग अडवत नाही. लाल असो, जांभळा असो, कारखान्यातला पक्का काळा असो, बहुतेक रंग त्याच्या लेखी नसल्यासारखे, खालचा धागा तेवढा पांढरा चमकतो. पण कोल्ही काही साड्या नेसत नाहीत. त्यामुळं हे माहीत असूनही तिला इथं सुचलं नव्हतं. पांढरं दिसलं आणि तिलाही आत्याच दिसली होती. या कॅमेऱ्यापुढं प्रत्येक बाई विधवा होती!

म्हणजे त्या बाईचं लुगडं पांढरं नव्हतंच, किंवा असायलाच हवं असं नव्हतं. मग ते कुठलं?

तिनं कोनाड्यात बोट घातलं, आणि काजळीची रेघ आपल्या कुडत्याच्या काळ्या नक्षीवर ओढली. डोळ्याला काही म्हणजे काही दिसेना. काळ्यावर काळं. फोनमध्ये पाहिलं तर नक्षी गेलेली आणि रेघ ठसठशीत. काजळी तो उजेड पिऊन टाकते, तिचा काळा काही केल्या पांढरा होत नाही. चित्रातला खांद्यावरचा डाग म्हणूनच खरा होता. आणि डाग लागलेल्या बाईला तो धुतल्यावरही दिसला नसेल, लुगडं गडद असेल तर.

मग वेळ कशाला लावायचा? तिनं सौंदर्याकडे साड्या मागितल्या. सौंदर्यानं कपाट उघडून ढीगच हातात दिला. "कशाला गं? बोहारणीला?" रंजनीनं एकेक साडी कॅमेऱ्यापुढं धरली. सगळ्या पांढऱ्याफेक. डाग कुठंच नाही. तिला बरं वाटलं, पण तेवढ्यापुरतंच, कारण आता घरात एकच कपाट उरलं होतं.

तिनं आईच्या कपाटातल्या साड्या देवघरात आणल्या. कल्याणरामला रडत फोन करणारी बाई. 'जी वस्तू जिची.' 'तुझी आई जेवते ना?' सगळं आपोआप एका रांगेत येऊन उभं राहत होतं आणि तिला ते नको होतं. हिरवी साडी, डाग नाही. मोरपंखी, नाही. मग ती गडद वांगी रंगाची, बारीक फुलांची, सुळसुळीत साडी. आई घरात नेहमी नेसायची ती. धुऊन घडी केलेली, डोळ्याला अगदी स्वच्छ. रंजनीनं ती उलगडून स्वतःच्या अंगावर घेतली, पदर डाव्या खांद्यावर टाकला आणि फोनकडे पाहिलं.

फुलं विरून गेली होती. पांढऱ्या पदरावर, खांद्याशी, फिकट झालेला पण तोच, तळहाताएवढा डाग होता.

मागं दार करकरलं. उंबऱ्यात आई उभी होती.

५

"काढ ती," त्रिपुरसुंदरी म्हणाली. "अंगावरून काढ ती आधीं. अपशकुनी आहे."

"आई, बस."

"मी बसत नाहीं. मी सांगतें." ती दाराला धरून उभी राहिली. "मीच नेली पेटी. नवरात्रांत गोलू मांडतों त्या बाहुल्यांच्या ट्रंकेत आहे, तळाला. तोंवर तिकडे कोणी हात लावत नाहीं."

"पण कशासाठी? तुला चांदी काय करायची?"

"मला चांदी नको होती. मला श्रीवत्साचा करगोटा हवा होता."

रंजनीनं ते नाव त्या घरात मोठ्यानं उच्चारलेलं कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. तिचा धाकटा भाऊ. तिला त्याचं काही आठवतच नसे, नुसता एक घट्ट गोळा, मांडीवर चढणारा. चालायला लागला, बोलायला लागायच्या आत तापानं गेला. त्याच्या कमरेचा चांदीचा करगोटा पांडुरंगरावांनी बारा दिवस व्हायच्या आधीच विठोबाला वाहून टाकला होता, घरात दिसायला नको म्हणून. त्यानंतर मुलाचं नाव कुणी काढलं नाही. काढलं की ते उठून बाहेर जात.

"मला कोणी विचारलें नाहीं तेव्हां," आई म्हणाली. "पण तुझी आत्या एकादशीला देवाच्या कमरेला तो घालायची. मी दर एकादशीला बघायचें. एवढेंच होतें माझें. मग कवचाचें निघालें. मी यांना म्हटलें, तो एक ठेवूं. हे म्हणाले, देवाला दिलेलें परत मागायचें नाहीं, सुंदरी. आणि उठून गेले बाहेर. सोनाराला विचारलें, तो म्हणाला, वितळल्यावर कोणाचें कांहीं उरत नाहीं." तिला धाप लागली. "माझ्या पोराचें आणखी काय काय वितळवायचें गं?"

पण रंजनीच्या तोंडून शेवटी ते निघालंच. "आणि आत्या? तिला चोर ठरवलं सगळ्यांनी. तुझ्या डोळ्यांदेखत! तू गप्प कशी राहिलीस?"

आई मटकन खाली बसली.

"मी तोंड उघडणारच होतें. देवाशपथ. पण विजूनें तें चित्र दाखवलें. मी पाहिलें ना, रंजी. चाल माझी, हात माझे. अंगावर पांढरें, कपाळ मोकळें. मी तर वांगी रंगाची नेसलें होतें, कुंकू लावलें होतें. मग तें कोण?" तिनं दोन्ही हातांनी गळ्यातली ताली, आपलं मंगळसूत्र, घट्ट धरली. "मला वाटलें, देवानेंच दाखवलें. माझ्याकडून चोरून नेलेंस, आतां हें बघ तुझें पुढचें रूप. बोललें तर यांना कांहीं होईल. त्या दिवसापासून हे खोकले तरी माझा जीव जातो. मी माझ्या कुंकवाला भ्यालें आणि वन्संना बळी दिलें."

आई गं! रंजनीनं तिला उठवलं, कॅमेऱ्यापुढं आणलं, फोन तिच्या हातात दिला. आईनं स्वतःला पाहिलं आणि किंचाळली. मग रंजनीनं आपला लाल कुडता दाखवला, आपलं कुंकू दाखवलं, सौंदर्याची लग्नातली साडी कॅमेऱ्यापुढं धरली. पुन्हा पुन्हा समजावलं. देव नाही, शाप नाही, नुसता न दिसणारा उजेड आहे आणि त्याला रंग कळत नाहीत. आई बघत राहिली. कपाळावरचं कुंकू बोटानं चाचपलं. होतं. फोनमध्ये नव्हतं. पुन्हा चाचपलं.

"म्हणजे तें नुसतें यंत्र?"

"नुसतं यंत्र."

"आणि वन्सं गेल्या!" असं म्हणून ती रडायला लागली ती थांबेना.

६

पेटी तिनं स्वतः उचलून आणली. डाव्या खांद्याशी टेकवून, खालून एका हातानं आधार देऊन, झोपलेलं मूल आणावं तशी. तेव्हा रंजनीला कळलं, सौंदर्या म्हणाली होती तसं आत्यानं ते चित्र दुसऱ्यांदा का पाहिलं होतं.

माजघरात सगळे जमले होते. आईनं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. विजयराघव एकदा कॅमेऱ्याकडे, एकदा जमिनीकडे बघत होता. पांडुरंगरावांनी पेटी उघडली. छत्रं, पट्टे बाजूला केले आणि तळातून बोटभर रुंदीची, लहानशी, काळवंडलेली साखळी काढली. त्यांच्या मनगटाला दोन वेढे घेतले की ती संपली असती.

ते उठून बाहेर जातील असं सगळ्यांना वाटलं. ते गेले नाहीत.

"श्रीवत्सा," ते म्हणाले. एवढंच. मग साखळी बायकोच्या ओंजळीत ठेवली. "तुझी आहे. मला बघवत नव्हती म्हणून मी देवाला दिली. तुझा विचारच केला नाहीं." त्यांनी डोळे पुसले आणि पायात वहाणा घातल्या. "चला. अक्काला आणूं."

आत्या त्याच खांबाशी होती. तिघांना एकत्र येताना पाहून ती समजली. त्रिपुरसुंदरी तिच्या पायांवर कोसळली, तर आत्यानं तिचं डोकं मांडीवर घेतलं. "रडूं नको गं. मी जाणतें. तूं पेटी उचललीस तेव्हांच ओळखलें. त्याला निजवून देवघरांतून तूं तशीच बाहेर यायचीस."

"तुम्हीं सांगितलें कां नाहीं, वन्सं?"

"सांगितलें असतें तर पांडूनें करगोटा घेऊन वितळवला असता."

पांडुरंगराव हात जोडून उभे होते. "अक्का, चुकलें. घरीं चल. विठोबा वाट बघतो. सगळ्यांसमोर मी पायां पडतों."

आत्यानं मान वर केली. "पांडू, त्या चित्रांत तुला कोण दिसलें?"

"अक्का..."

"सांग. माझा चेहरा दिसला?"

"नाहीं."

"माझे हात? माझी चाल? मी गुडघा धरून चालतें, ती बाई तरातरा स्टुलावर चढली. तुला दिसलें नाहीं?" तिचा आवाज चढला नाही, पण समोरचा नामजप मात्र तिला आता ऐकू येत नव्हता. "इतकीं वर्षें तुमच्या पानांत भात वाढला मी. आणि एक पांढरें फडकें हललें कीं तुम्ही म्हणालांत, ही मीनाक्षी. तुम्ही माझ्याकडे कधीं पाहिलेंच नाहींत रे. लुगडेंच पाहिलेंत." मग ती रंजनीकडे वळली. "तुजलाही मीच दिसलें ना, आधीं?"

रंजनीला खोटं बोलता आलं असतं. "हो, आत्या," ती म्हणाली.

"बघ." आत्यानं तिच्या गालावर हात ठेवला, रागावल्यासारखा नाही, आणि म्हणून तो जास्त सोसवेना. "मी सुंदरीवर रागावलें नाहीं. पण मी येत नाहीं. इकडेही विठ्ठल आहे. तो कोणाच्या कपड्याकडे बघत नाहीं."

पांडुरंगराव खूप बोलले. रंजनी बोलली. आत्या नुसती मान हलवत राहिली. शेवटी त्रिपुरसुंदरी म्हणाली, "तुम्ही दोघें जा. मी आज वन्संजवळ राहतें." तिनं मुठीतला करगोटा आत्याच्या हातात ठेवला. आत्याची बोटं सवयीनं त्याच्या आकड्यावर गेली.

"फार हलायचा गं हा लावतांना," ती म्हणाली. "हसायचा आणि पोट आंत ओढून घ्यायचा."

"आणि तुम्हीं ओरडलांत कीं आणखीच हसायचा."

त्या दोघी बोलू लागल्या. इतक्या वर्षांचं साठलेलं, एकीचं वाक्य दुसरी पुरं करत होती. बापलेक थोडा वेळ उभे राहिले. आपली तिथं गरज नाही हे कळल्यावर बस पकडून घरी आले.

सकाळी विठोबाच्या अभिषेकाची वेळ झाली. आत्या गेल्यापासून अभिषेक झालाच नव्हता. पांडुरंगराव अंघोळ करून, सोवळं नेसून देवघरात शिरले. कळशी हातात घेतली आणि तसेच थांबले. मग दारातून त्यांनी हाक मारली, "रंजी, अक्का पाणी गार घ्यायची कीं कोमट?"

रंजनीनं सौंदर्याकडे पाहिलं. सौंदर्यानं विजयराघवाकडे पाहिलं. घरात कुणालाच माहीत नव्हतं.